हवाई बचाव पथकांचे बिल्ले आणि घाटातला पहिला तास



इथे एरवी आपण मधुमेह, रक्तदाब, सर्पदंश, पावसाळी आजार अशा विषयांवर बोलतो. आजचा विषय माझ्या छंदाचा आहे. माझ्या कसाऱ्याच्या दवाखान्यात औषधांच्या कपाटाशेजारी एक जाडजूड अल्बम ठेवलेला असतो. नंबर यायला वेळ असला की रुग्णांबरोबर आलेली मुले तो चाळत बसतात. आत सैन्याच्या हवाई बचाव पथकांचे कापडी बिल्ले आहेत. वैमानिक आणि त्यांचे सहकारी गणवेशाच्या बाहीवर किंवा छातीवर लावतात ते, ज्यांना सगळे जण ‘पॅच’ म्हणतात. आज ते साठाच्या पुढे गेले आहेत.

“डॉक्टरबाई, तुमचं कुणी मिलिटरीत आहे का?” हा प्रश्न ठरलेला असतो. माझे कुणीही मिलिटरीत नाही. मग हे कशासाठी, याचे उत्तर आज सविस्तर देते. ते देताना प्रथमोपचारातल्या काही गोष्टीही येतील, कारण माझ्यापुरते हे दोन विषय आता वेगळे राहिलेले नाहीत.

छंद कसा लागला

बऱ्याच वर्षांपूर्वी माझ्याकडे रक्तदाबासाठी एक काका येत असत. हवाई दलातून निवृत्त झालेले, हेलिकॉप्टरच्या देखभालीवर आणि उड्डाणांवर आयुष्य घालवलेले. एकदा घाटातल्या अपघाताचा रुग्ण मी पुढे पाठवत होते. त्याच्या मांडीतून भळाभळा रक्त वाहत होते आणि ज्या ट्रक क्लीनरने त्याला आणले होते, त्याने स्वतःचा टॉवेल त्या जखमेवर दोन्ही हातांनी दाबून धरला होता. गाडी निघून गेल्यावर काका म्हणाले, “बाई, आम्ही नुसतं उचलायचो. उचलेपर्यंत ज्यानं जिवंत ठेवलं, तो खालचाच कुणीतरी असायचा.”

पुढच्या खेपेला त्यांनी रुमालात गुंडाळलेला एक जुना पॅच माझ्या टेबलावर ठेवला. रंग उडालेला, एक कोपरा उसवलेला. तो माझा पहिला. त्यानंतर मी ओळखीतून, माजी सैनिकांकडून, जुन्या वस्तूंच्या बाजारातून असे बिल्ले जमवत गेले. प्रत्येक पॅचमागे कोणते पथक, कोणती मोहीम आणि त्या मोहिमेत माणसे कशाने वाचली किंवा का वाचली नाहीत, हे वाचत गेले. डॉक्टरला हा नाद न लागला तरच नवल.

बिल्ल्याची थोडी ओळख

जुने पॅच कापडावर भरतकाम करून बनवत आणि गणवेशावर शिवून टाकत. काही समारंभी पॅच जरीच्या तारेचे असतात. हल्लीचे बहुतेक मशीनवर भरलेले किंवा रबरासारख्या मऊ प्लास्टिकचे, आणि मागे वेल्क्रो लावलेले. हे वेल्क्रो स्वित्झर्लंडच्या जॉर्ज द मेस्ट्राल यांना सुचले ते रानात फिरताना कपड्यांना आणि कुत्र्याच्या केसांना चिकटलेल्या काटेरी बोंडांवरून. आपल्या रानातून पावसाळ्यानंतर चालून आलेल्या कुणालाही ही कल्पना समजावून सांगावी लागत नाही.

एक सूचना. सैनिक असल्याचे भासवण्यासाठी सैन्याचा गणवेश किंवा चिन्ह वापरणे हा आपल्याकडे गुन्हा आहे. त्यामुळे माझे पॅच अल्बममध्येच राहतात. जॅकेटवर लावून मिरवायला मागणाऱ्या पुतण्यालाही मी नाही म्हणून सांगितले आहे.

देवदूताचा पॅच : डॉक्टरने रुग्णाकडे जायचे

अमेरिकी हवाई दलाच्या ‘एअर रेस्क्यू सर्व्हिस’ची स्थापना १९४६ ची. तिच्या चिन्हात एक देवदूत पृथ्वीच्या गोलाला दोन्ही हातांनी कवेत घेऊन उभा आहे. ‘इतरांना जगता यावे म्हणून’ अशा अर्थाचे त्यांचे ब्रीद आहे. संग्राहकांमध्ये याहून लाडका पॅच म्हणजे दोन हिरव्या पावलांचा. व्हिएतनाम युद्धात ‘जॉली ग्रीन जायंट’ नावाची मोठी हेलिकॉप्टर शत्रूच्या प्रदेशात पडलेल्या वैमानिकांना उचलून आणत. ती भातखाचरात उतरून गेली की मागे राक्षसाच्या पावलांसारखे ठसे उरत, त्यावरून ही पावले आली असे सांगतात.

मला मात्र या परंपरेची सुरुवात जास्त आवडते, कारण तीत एक डॉक्टर आहे. ऑगस्ट १९४३ मध्ये आसामहून चीनकडे निघालेले एक सी-४६ विमान नागा टेकड्यांवर बिघडले. विमानातले २१ पैकी २० जण पॅराशूटने उडी मारून वाचले. त्यांत एरिक सेव्हराइड हे नामवंत पत्रकारही होते. काही जण जखमी होते, एकाचा पाय मोडला होता, आणि तिथपर्यंत रस्ता नव्हता. तेव्हा लेफ्टनंट कर्नल डॉन फ्लिकिंजर हे लष्करी डॉक्टर आणि त्यांचे दोन वैद्यकीय सहायक त्याच दिवशी पॅराशूटने त्या डोंगरात उतरले. आधी तिथेच उपचार केले, माणसे चालण्याजोगी झाल्यावर सगळे जण पायी डोंगर उतरून आले. हवाई बचाव पथकांत वैद्यकीय प्रशिक्षण घेतलेले छत्रीधारी सैनिक असावेत, या कल्पनेला तिथून बळ मिळाले.

यातला धडा अगदी साधा आहे. आधी उपचार, मग वाहतूक. अपघातग्रस्ताला पाहिल्याबरोबर हातापायांना धरून गाडीत कोंबायची आपली सवय घातक आहे. वाहत्या रक्तावर दाब देणे, श्वास मोकळा आहे ना हे पाहणे, मोडलेल्या पायाला फळी किंवा काठी बांधणे, मान न वळवता माणसाला एकसंध उचलणे, या गोष्टींना तीन-चार मिनिटे लागतात. ती मिनिटे वाया जात नाहीत. गाडीला आग लागली असेल किंवा वरून दरड येत असेल, तरच आधी हलवायचे.

१५२ हेलिकॉप्टर युनिट : लटकलेला माणूस

ऑक्टोबर १९९२. हिमाचल प्रदेशातल्या परवाणूजवळ ‘टिंबर ट्रेल’ या रोपवेची तार तुटली आणि पाळणा दरीवर अडकून पडला. हवाई दलाच्या १५२ हेलिकॉप्टर युनिटचे एमआय-१७ हेलिकॉप्टर घेऊन ग्रुप कॅप्टन फली मेजर गेले. लष्कराच्या पॅरा पथकाचे मेजर इव्हान क्रास्टो दोरावरून पाळण्याच्या छतावर उतरले आणि एकेका प्रवाशाला पट्ट्यात अडकवून वर पाठवू लागले. अंधार पडला, तेव्हा काही जण अजून आतच होते. क्रास्टो परत गेले नाहीत. रात्रभर त्या पाळण्यात प्रवाशांसोबत थांबले आणि दुसऱ्या दिवशी उरलेल्यांना वर पाठवले. दहा प्रवासी वाचले. क्रास्टो यांना कीर्ती चक्र आणि मेजर यांना शौर्य चक्र मिळाले. हेच फली मेजर २००७ मध्ये हवाई दलप्रमुख झाले. त्या पदावर पोचलेले ते पहिले हेलिकॉप्टर वैमानिक.

या मोहिमेत दोन वैद्यकीय गोष्टी दडलेल्या आहेत.

पहिली, रात्रभर सोबत थांबण्याची. घाबरलेला माणूस हालचाल करतो, उडी मारतो, दम लागेपर्यंत ओरडतो. शांतपणे बोलणारे कुणी शेजारी असले की नाडी उतरते, श्वास स्थिरावतो. दरीत अडकलेल्याशी वरून सतत बोलत राहणे हाही उपचारच आहे.

दुसरी, दोरावर लटकण्याची. आपल्या पायांतले रक्त वर हृदयाकडे ढकलायचे काम पोटऱ्यांचे स्नायू करतात. माणूस पट्ट्यात निश्चल लटकत राहिला की हा पंप बंद पडतो, रक्त पायांत साचते, मेंदूला कमी पडते आणि त्याला भोवळ येते. बेशुद्ध होऊनही तो उभाच लटकत राहिला, तर जीव जाऊ शकतो. विहीगावच्या धबधब्यावर आणि सांधण दरीत दोरावरून उतरायला दर मोसमात शेकडो तरुण कसारा स्टेशनात उतरतात, म्हणून हे मुद्दाम सांगते. मधेच अडकलात तर पाय हलवत राहा, पाय कड्याला किंवा दोराच्या फासाला टेकवून त्यांवर जोर द्या. अडकलेल्याला लवकरात लवकर खाली घ्या आणि आडवे झोपवा. पूर्वी अशा माणसाला झोपवू नये, बसवून ठेवावे असे सांगत. ते आता मागे पडले आहे.

११४ हेलिकॉप्टर युनिट : उंचीवरचे औषध म्हणजे उतरणे

लेहच्या ११४ हेलिकॉप्टर युनिटला ‘सियाचीन पायोनियर्स’ म्हणतात. त्यांची छोटी ‘चीता’ हेलिकॉप्टर वीस हजार फुटांच्या आसपास, घराच्या अंगणाएवढ्या बर्फाच्या सपाटीवर टेकतात आणि आजारी जवानाला घेऊन क्षणार्धात निघतात. हवा इतकी विरळ की एकाच जादा माणसाच्या वजनाचाही हिशोब करावा लागतो.

हा पॅच पाहताना मला ३ फेब्रुवारी २०१६ आठवते. सियाचीनमध्ये १९,६०० फुटांवरच्या सोनम चौकीवर हिमस्खलन झाले आणि १० जवान गाडले गेले. सहाव्या दिवशी लान्सनायक हनुमंतप्पा कोप्पड जिवंत सापडले, त्यांना हवाई मार्गाने दिल्लीला नेले, पण ११ फेब्रुवारीला त्यांचे निधन झाले. त्या दहांमध्ये सातारा जिल्ह्यातल्या मस्करवाडीचे सुनील सूर्यवंशी होते. ते चौकीवरचे नर्सिंग असिस्टंट होते. हेलिकॉप्टर येईपर्यंत आजारी सोबत्याला जगवणे हे ज्याचे काम, तो हा माणूस.

उंचीवरच्या आजाराबद्दल जगाला जे कळले, त्यात भारतीय लष्करी डॉक्टरांचा मोठा वाटा आहे. १९६२ नंतर हजारो जवान घाईने उंच सीमेवर गेले आणि आजारी पडले. इंदर सिंग व सहकाऱ्यांनी अशा १,९२५ जवानांचा अभ्यास १९६९ मध्ये ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये मांडला. निरोगी, तरुण, धडधाकट माणसाच्याही फुप्फुसात उंचीवर पाणी भरू शकते, हे त्यातून ठळक झाले.

आपल्याकडून दरवर्षी केदारनाथ, अमरनाथ आणि लडाखला जाणाऱ्यांची संख्या मोठी आहे. कसारा समुद्रसपाटीपासून फार उंच नाही, म्हणजे आपल्या शरीराला विरळ हवेची सवय नाही. केदारनाथ सुमारे ३,५०० मीटरवर आहे. म्हणून लक्षात ठेवा:

- डोके दुखणे, मळमळ, झोप न लागणे ही सुरुवात. त्या दिवशी आणखी वर जाऊ नका.
- बसल्या जागी धाप लागणे, खोकला, ओठ निळसर होणे ही फुप्फुसात पाणी भरल्याची लक्षणे.
- झोकांड्या जाणे, असंबद्ध बोलणे ही मेंदूला सूज आल्याची लक्षणे.
- शेवटच्या दोन प्रकारांत दर्शनासाठी थांबू नका. ताबडतोब खाली उतरा, रात्र असली तरी. ऑक्सिजन आणि औषधे मदत करतात, पण खरा उपाय उतरणे हाच.

३२१ ‘एंजल्स’ : पाण्यातून काढलेला माणूस

मुंबईत कुलाब्याला नौदलाचा हेलिकॉप्टर तळ आहे, आयएनएस शिक्रा. तिथल्या ३२१ क्रमांकाच्या चेतक हेलिकॉप्टर पथकाचे टोपणनाव ‘एंजल्स’. सत्तर-ऐंशी वर्षांपूर्वीचा तो अमेरिकी देवदूत आणि आपले हे एंजल्स माझ्या अल्बममध्ये समोरासमोरच्या पानांवर आहेत. पुढच्या पानावर तटरक्षक दल, ब्रीद ‘वयं रक्षामः’, म्हणजे आम्ही रक्षण करतो.

आपल्या जिल्ह्याला ही हेलिकॉप्टर २०१९ च्या पावसाळ्यात जवळून दिसली. २७ जुलैला बदलापूर आणि वांगणीच्या दरम्यान महालक्ष्मी एक्सप्रेस पुराच्या पाण्यात अडकली. गाडीत हजाराहून अधिक प्रवासी, त्यांत नऊ गरोदर महिला. हेलिकॉप्टर सज्ज होती, पण माणसे प्रामुख्याने रबरी बोटींतून बाहेर आली. पुढच्याच आठवड्यात, ४ ऑगस्टला, खडवलीजवळच्या जू-नांदखुरी गावाला पाण्याने वेढले, तेव्हा मात्र हवाई दलाच्या एमआय-१७ ने ५८ जणांना उचलले. कुठे बोट आणि कुठे हेलिकॉप्टर हे पाणी, वारा आणि जागा ठरवतात. दोन वर्षांनी, मे २०२१ च्या तौक्ते वादळात, मुंबईपासून दूर समुद्रात पी-३०५ हा तराफा बुडाला. त्यावर २६१ माणसे होती. नौदलाने खवळलेल्या समुद्रातून १८० हून अधिक जणांना वाचवले.

पाण्यातून माणूस जिवंत निघतो, दोराने वर ओढला जातो आणि वर पोचता पोचता कोसळतो, असे पूर्वी पुन्हा पुन्हा घडत असे. १९७९ च्या फास्टनेट नौका शर्यतीतल्या वादळानंतर याकडे विशेष लक्ष गेले. ब्रिटिश नौदलातले डॉक्टर फ्रँक गोल्डन यांनी या मृत्यूंचा अभ्यास केला. कारण असे: पाणी शरीराला सर्व बाजूंनी दाबून धरते, पायातले रक्त वर राहते. त्याला उभे वर ओढले की तो दाब एकदम सुटतो, रक्त पायांकडे घसरते, आणि गारठून थकलेले हृदय ते सांभाळू शकत नाही. म्हणून आता बचाव पथके शक्य तेव्हा दोन पट्टे वापरतात, एक काखेखाली आणि एक गुडघ्यांखाली, म्हणजे माणूस जवळजवळ आडवा वर येतो.

भातसा, काळू किंवा उल्हासच्या पुरातून, विहिरीतून, धरणातून कुणाला काढताना हेच करा. बराच वेळ पाण्यात असलेल्याला आडवा काढा, आडवा ठेवा. उठवून चालवू नका. ओले कपडे काढून कोरड्यात गुंडाळा. पोट दाबून पाणी काढत बसू नका. श्वास नसेल तर तोंडाने श्वास द्या आणि छाती दाबायला सुरुवात करा.

रक्तगटाची पट्टी

माझ्याकडे काही नावपट्ट्या आहेत. त्यांवर नावासोबत रक्तगट भरलेला असतो: ‘ओ पॉझिटिव्ह’, ‘बी पॉझिटिव्ह’. रुग्ण विचारतात, “आम्हीही गाडीवर असं लिहून ठेवलं तर?” जरूर लिहा, पण त्या पट्टीवर विसंबून कोणतेही रुग्णालय रक्त चढवत नाही. नमुना घेऊन गट तपासतात आणि दात्याचे रक्त जुळवून पाहतात.

याचे उत्तम उदाहरण आपल्या मुंबईचेच आहे. १९५२ मध्ये डॉ. वाय. एम. भेंडे आणि सहकाऱ्यांनी एक नवाच रक्तगट शोधला, जो आज जगभर ‘बॉम्बे’ या नावाने ओळखला जातो. नेहमीच्या तपासणीत हा गट ‘ओ’ सारखाच दिसतो. पण या लोकांच्या रक्तात ‘एच’ नावाचा मूळ घटकच नसतो. त्यामुळे त्यांना ‘ओ’ गटाचेही रक्त चालत नाही, फक्त बॉम्बे गटाचेच चालते. पट्टीवर ‘ओ’ लिहिलेला असा माणूस निव्वळ पट्टीच्या भरवशावर रक्त घेऊन दगावू शकतो. म्हणून रक्तगटाच्या जोडीला घरच्यांचा फोन नंबर, चालू औषधे आणि औषधांची ॲलर्जी हेही लिहून पाकिटात ठेवा. रक्त पातळ करणारी गोळी चालू असेल तर ती नोंद फारच महत्त्वाची.

आणि आपला घाट?

हे सगळे वाचून तुम्ही विचाराल की कसाऱ्याला असे हेलिकॉप्टर का येत नाही. पावसाळ्यात घाटात दहा पावलांवरचे दिसत नाही. रेल्वेच्या २५ हजार व्होल्टच्या तारा आणि विजेचे मनोरे दरीभर पसरलेले आहेत. उतरायला सपाट जागा कमी. आणि हेलिकॉप्टर मिळाले तरी परवानगी, तयारी, उड्डाण यांत वेळ जातोच. तेवढ्यात जोराने रक्तस्राव होणारा माणूस गेलेला असतो.

अमेरिकेतले शल्यचिकित्सक आर. ॲडम्स काउली यांनी ‘गोल्डन अवर’ ही कल्पना रुजवली. आपल्या मोटार वाहन कायद्यातही २०१९ च्या दुरुस्तीने तिची व्याख्या आली आहे. तास हा शब्द मात्र शब्दशः घेऊ नका. साठाव्या मिनिटाला दार बंद होते असे नाही. मोठी धमनी तुटली तर हाती पाच मिनिटेही नसतात.

एक प्रसंग सांगते, ओळख पटणार नाही एवढे तपशील बदलून. जुलै महिना, रस्ता नसलेला पाडा. बाई घरीच बाळंत झाली आणि रक्त थांबेना. असे रक्त न थांबलेली बाई दोन तासांत दगावू शकते. चार जणांनी तिला झोळीत घालून, ओढा ओलांडून, दीड तास चालत रस्त्यावर आणले. गाडीतून ती माझ्याकडे पोचली, तेव्हा नाडी जेमतेम लागत होती, पण लागत होती. झोळीबरोबर धावत आलेल्या सुईणीचा हात तेव्हाही तिच्या पोटावर होता. तिने वाटभर बेंबीखाली गर्भाशय चोळत ठेवले होते आणि निघण्याआधी बाळाला छातीशी लावले होते. कुणी शिकवले, विचारल्यावर म्हणाली, “आमची आई असंच करायची.”

वैद्यकशास्त्र हेच सांगते. बाळंतपणानंतर गर्भाशय सैल पडले की त्यातल्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात. चोळल्याने ते आवळते, आणि बाळ दूध ओढू लागले की आईच्या शरीरात ऑक्सिटोसिन स्रवून ते आणखी आवळते. मी इंजेक्शन दिले, सलाइन लावले आणि तिला पुढे पाठवले. तिला रक्त चढवावे लागले. आई आणि बाळ दोघेही घरी परतले. पुढच्या रुग्णालयात तिला वाचवले हे खरेच आहे, पण तिथपर्यंत ती पोचली ती त्या सुईणीच्या हातामुळे आणि चौघांच्या खांद्यांमुळे. काकांचे वाक्य मला तेव्हा नीट कळले.

यावरून घरी बाळंतपण चालते असा अर्थ कृपया काढू नका. रस्ता नसलेल्या पाड्यावरच्या गरोदर बाईने तारखेच्या आधीच रुग्णालयाजवळ येऊन राहणे, हाच सुरक्षित मार्ग आहे.

कसाऱ्यातून इगतपुरीकडे निघालेल्या गाडीला मागून बँकर इंजिने लावतात, कारण १ः३७ च्या चढावर एकट्या इंजिनाचा जोर पुरत नाही. घाट चढला की ती सुटी होऊन परत येतात. फलकावर त्यांचे नाव नसते. आपल्या घाटातले ट्रक क्लीनर, ढाबेवाले, रिक्षावाले आणि दोर घेऊन दरीत उतरणारी गावातली पोरे हे काम वर्षानुवर्षे करत आली आहेत.

तुम्ही काय करायचे

- १०८ ला फोन करा. ही सेवा राज्यात २०१४ पासून मोफत आहे. महामार्गावर १०३३ आणि रेल्वेत १३९ हेही लक्षात ठेवा. घाटात जागा सांगताना जुना घाट की नवा, वर जाणारी बाजू की खाली येणारी, आणि जवळचा किलोमीटरचा दगड सांगा.
- रक्त वाहत असेल तर स्वच्छ कापड ठेवून तळव्याने जोरात दाबा आणि सोडू नका. हातापायातून रक्त उसळत असेल आणि दाबूनही थांबत नसेल, तरच जखमेच्या वर रुंद पट्टी घट्ट आवळा. बांधल्याची वेळ लिहून ठेवा.
- सर्पदंशात मात्र पट्टी आवळू नका. विष त्याने थांबत नाही, उलट हातपाय गमावण्याची वेळ येते. चिरा देऊ नका, चोखू नका. दंशाचा अवयव फळीला बांधून स्थिर ठेवा, रुग्णाला चालवू नका, थेट प्रतिविष असलेल्या आरोग्य केंद्रात न्या.
- बेशुद्ध पण श्वास चालू असलेल्याला कुशीवर वळवा, वळवताना मान आणि पाठ एका रेषेत ठेवा. तोंडात पाणी घालू नका.
- पोलिसांच्या भीतीने थांबू नका. मदत करणाऱ्याला कायद्याने संरक्षण आहे. तुमचे नाव सांगण्याची किंवा रुग्णालयाचे पैसे भरण्याची सक्ती कुणी करू शकत नाही.

दवाखान्यात आलात की अल्बम जरूर पाहा. आणि दाबपट्टी कशी बांधायची हे हातांनी शिकायचे असेल, तर रविवारी सकाळी या. रुंद पट्ट्या, फळ्या आणि सरावासाठी एक जुनी उशी मी ठेवलेली आहे. अर्ध्या तासात शिकून होते.

काळजी घ्या आणि घाटात गाडी सावकाश चालवा.

(हा लेख सर्वसाधारण माहितीसाठी आहे. प्रत्यक्ष उपचार आपल्या डॉक्टरांच्या सल्ल्यानेच घ्यावेत.)